डाव्या अंगाचं ठिगळ

मंगळवार, १९ नोव्हेंबर
घर तेच

दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरा असशील. ही ओळ आईने सांगून लिहिल्यासारखी वाटेल, पण मी लिहितेय हे आईला माहीत नाही. तुझा पत्ता तू तिला पाठवलेल्या चपलांच्या खोक्यावरून उतरवून घेतला. चपला एक नंबर मोठ्या झाल्या. ती पुढे कापूस कोंबून घालते आणि दिसेल त्याला सांगते, पोराने पाठवल्या.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मला येत नाही, तुला ठाऊक आहे. तू "हं, बोल" म्हणतोस आणि माझं जे काय असतं ते घशातून परत खाली जातं. मग मी म्हणते "काही नाही, सहज" आणि तू म्हणतोस "ठेवू मग?" चार वर्षांत आपलं एवढंच बोलणं झालंय. कागदाचं एक बरं असतं, तो घाई करत नाही.

आईचे गुडघे फारच धरतात. दवाखान्याच्या धुलाईखान्यात आता तिला टबावर उभं करत नाहीत, घड्यांच्या टेबलावर बसवलंय. दिवसाला तीनशे चादरी. घरी आल्यावर आपल्याही चादरीची तशीच घडी घालते, कोपऱ्याला कोपरा, आणि मग स्वतःवरच हसते. बाबा खुर्च्या विणतात. शेजारच्या काकूंचं कुत्रं अजून जिवंत आहे. पिंपाचा नळ गळत होता तो मी बदलला.

मी मिस्त्रीकाकांच्या वर्कशॉपमध्ये जाते हे आईने सांगितलं असेल. काय करते ते सांगितलं नसेल, कारण ती लोकांना "ऑफिसचं बघते" असं सांगते. मी ग्राइंडर चालवते. दीड वर्ष झालं. पहिल्या महिन्यात सगळे मला मुकी म्हणायचे, अजूनही म्हणतात, पण आता प्रेमाने. ग्राइंडर चालू असला की कुणालाच बोलता येत नाही, सगळेच मुके. मला त्याचंच बरं वाटतं. तू इथे कामाला होतास तेव्हाचे तुझे चामडी हातमोजे मला मिळाले. डाव्या हाताचा झिजलेला होता, उजवा कोरा. मी दुसरी जोडी घेतली.

आता मोठी बातमी. आपल्या जुन्या धक्क्यावर बगळा उभा राहतोय. अठ्ठावीस फुटी, लोखंडाचा. राखी बगळा, आपल्या नदीत गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभा असतो ना, तोच. पायाशी सळ्यांची लव्हाळी, जमिनीवर नदीची वळणं, आणि त्या वळणांत गावाचा इतिहास. पूर किती साली कुठवर आला, पहिली होडी कुणी घातली, पूल कधी झाला. एक पंख वर आणि एक पार जमिनीपर्यंत सोडलेला. ऊन खाताना बगळे तसा पंख सोडतात, हे मला शिल्पकार बाईंनी सांगितलं. खरं तर तो लहान मुलांना हात लावता यावा म्हणून खाली आणलाय. काम आपल्याच वर्कशॉपला मिळालं. मिस्त्रीकाका रोज सकाळी येऊन सगळ्यांना ऐकवतात, "हा बघा, हा तरी एका पायावर तयार आहे. तुम्ही लोक दोन पाय असून तयार नसता."

शिल्पकार बाई पन्नाशीच्या. पुरुषी शर्ट घालतात, खिशात खडू, केस कानाच्या वर कापलेले. सगळ्यांना "बाळा" म्हणतात, मिस्त्रीकाकांनासुद्धा. काका साठीचे आहेत. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा ते लाजले, आता कुणी बाळा नाही म्हणालं तर शोधत फिरतात.

उद्घाटन पहिल्या तारखेला, रविवारी. बगळा उभा आहे. फक्त पाटी राहिलीय. पाटी म्हणजे रंगवलेली नाही, पत्र्यातून एकेक अक्षर कापून जमिनीवरच्या पट्टीला जोडायचं. अक्षरं मी कापते, कारण माझा हात सरळ आहे. नववीत शाळा सोडलेल्या मुलीला गावाचा इतिहास लिहायला दिलाय, बघ. पाच ओळी आहेत. चार कापून झाल्या. पाचवी ओळ बाबांची आहे. "नावाड्याच्या चुकीने बोट उलटून नऊ जणांचा बळी गेला, त्यानंतर ही नावसेवा बंद झाली." नगरपालिकेने दिलेला मजकूर, त्यात बदल नाही.

ती ओळ शुक्रवारी २९ तारखेला जोडायची आहे. म्हणून हे पत्र.

एवढं लिहून थांबते. जेवणाची सुट्टी संपली.

—

बुधवार

काल थांबले ते सुट्टी संपली म्हणून नाही. पुढचं लिहायचं नव्हतं. आता लिहिते.

बगळा कशाचा बनवलाय ते मी काल सांगितलं नाही. आपल्या बोटीचा. हो, तीच. चार वर्षं धक्क्याच्या कडेला चिखलात डाव्या कुशीवर पडली होती. पोरं तिच्यात लपाछपी खेळायची. बाईंना ती दिसली आणि त्यांनी ठरवूनच टाकलं की पिसं याच पत्र्यांची. मिस्त्रीकाकांनी तिथेच गॅसने तिचे तुकडे केले आणि वर्कशॉपला आणले. तुकडे उतरवताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी चिखल धुवायला पाइप घेतला.

बाईंची एक ताकीद होती. "फक्त चिखल काढायचा, बाळा. गंजाला हात लावायचा नाही. पोचे, रिबीट, डागडुजी, सगळं तसंच राहू दे. लोकांनी हात लावून म्हणायला पाहिजे, ही आपली बोट होती." ग्राइंडरवालीला घासू नको म्हणणं म्हणजे न्हाव्याला कात्री लावू नको म्हणणं. पण मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी चिखलाकडची बाजू धुवायला घेतली. जेवणाच्या ताटाएवढं एक ठिगळ निघालं. तीन बाजूंनी वेल्डिंगची रेघ, छान, भरीव, एकसारखी. चौथ्या बाजूला, म्हणजे खालच्या, रेघच नाही. वेल्डिंगच्या नुसत्या तीन टिकल्या आणि वरून डांबर फासलेलं. तीनपैकी दोन टिकल्या तुटलेल्या. पत्र्याची कड बोटभर उचललेली. मी त्यात माझं बोट घालून बघितलं, पहिल्या पेरापर्यंत गेलं. आणि आजूबाजूला कुठे पोचा नाही. बाबांनी जबाबात सांगितला तसा वळणावरचा खडक लागला असता तर पत्रा आत दबला असता ना. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मिस्त्रीकाका नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, वेल्डिंग म्हणजे अक्षर, कुणाचं कुणाला लपत नाही. रेघेत लहान लहान लाटा असतात त्या बघायच्या. उजव्या हाताच्या माणसाच्या एका बाजूला कलतात. या उलट्या कलत होत्या. वर्कशॉपमध्ये आजवर डावखुरा एकच होता.

मला खात्री करायची होती. म्हणजे खरं तर खात्री नाही, उलट काहीतरी निघावं असं वाटत होतं. संध्याकाळी घरी जाऊन आईच्या खाटेखाली शिरले. खाटेचे पाय तू जोडलेस ते आठवतंय, आईच्या वाढदिवसाला. आई म्हणाली, "काय हरवलं?" मी म्हटलं, "क्लिप." पडूनच पायाच्या जोडावर बोट फिरवलं. तश्शाच लाटा. तश्शाच उलट्या.

मी बाहेर आले तर आई म्हणाली, "सापडली का?"
"सापडली."
"मग रडतेस कशाला?"
"धूळ गेली डोळ्यात."
ती म्हणाली, "खाटेखाली धूळ? माझ्या?" आणि झाडू घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते ठिगळ बघितलं. त्यांना ते इतकं आवडलं की काय सांगू. "हे बघा, या बोटीला कुणीतरी एकदा मायेने शिवलंय." खडूने त्याच्याभोवती गोल काढला आणि खालच्या पंखावर, बरोबर माणसाच्या डोळ्यासमोर येईल अशा जागी तो पत्रा लावायला सांगितला. मिस्त्रीकाका बघायला आले. वाकले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग म्हणाले, "बाई, चहा घ्या," आणि निघून गेले. त्यांनी त्या दिवशी कुणावर आवाज चढवला नाही, त्यावरूनच मला कळलं की त्यांना कळलंय.

मी त्यांना गाठलं नाही. त्यांनीच मला गाठलं, ड्रिल मशीनच्या मागे. म्हणाले, "तू जाणती आहेस."
मी ड्रिलखालचा लोखंडी कीस झाडत राहिले.
"मी त्याला विचारलं होतं. चारी बाजू मारल्यास ना? हो म्हणाला. बघायला गेलो नाही. त्या आठवड्यात पाठ धरली होती माझी, बोटीखाली आडवं व्हायचं म्हणजे..." मग पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले, जणू अजून धरलीय. "तुझ्या बापाने खडक सांगितला. स्वतःच्या तोंडाने. आता मी मधे कशाला तोंड घालू? तूच सांग."

सगळे मलाच विचारतात, तूच सांग. मुकीला.

आता तुला सांगते, मी काय विचार करत होते. धक्क्यावर रोज चार म्हातारे येऊन बसतात, जन्म बोटींवर गेलेला. पंख उभा राहिला की ते येणार, हात लावणार, आणि त्यांना एका नजरेत कळणार. पाणी इथून शिरलं. नावाड्याने वळण चुकवलं नाही. म्हणजे मला काहीच बोलायला लागणार नाही. बोट आपणच बोलेल. मी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं मला येतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहून कुणाचं भलं होणार होतं.

आणि तुझं काय होईल हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू. आलं आणि मी ते बाजूला सारलं. तू तिकडे आहेस, बाबा इथे आहेत. दीड वर्ष आत काढून आलेत आणि तेव्हापासून उंबऱ्याच्या बाहेर फक्त खुर्ची विणायला दारात बसण्यापुरते येतात. कुणी ओळखीचं दिसलं की खुर्ची उचलून आत. विणलेल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आई पोचवते, त्या गुडघ्यांनी.

तरी मला बाबांना सांगायचं होतं. चांगली बातमी म्हणून सांगायचं होतं.

दहा तारखेच्या रविवारी आई कामावर होती. बाबा दारात बसले होते, बादलीत वेत भिजत घातलेला. मी बाजूला बसले. अर्धा तास तशीच बसले. मग म्हटलं, "बाबा, बोटीच्या पत्र्यावर एक ठिगळ आहे."

त्यांचा हात थांबला नाही. म्हणाले, "डाव्या अंगाचं?"

मी नुसतं ठिगळ म्हटलं होतं, दादा.

"हो."
"खालची कड उचललीय?"
"हो."
मग हात थांबला. "कुणी बघितलं?"
"सगळ्यांनी बघितलं. कळलं फक्त मिस्त्रीकाकांना."
"तुला कसं कळलं?"
"लाटा उलट्या आहेत."

त्यांनी मान हलवली. जरा कौतुकानेच हलवली असं मला वाटलं. म्हणाले, "शिकलीस."
मी विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत?"
"मधल्या धारेत पाय ओले झाले तेव्हापासून. खडकाला लागली असती तर आवाज आला असता. आवाज काही नव्हता. नुसते पाय ओले."
"मग खडक का सांगितलात?"
"बोट माझी. बोटीत जे काय असतं ते नावाड्याचं."
"पण वेल्डिंग..."
"मी त्याला विचारलं होतं, झालं का? तो म्हणाला झालं. पोराच्या कामावर काय वाकून बघायचं, म्हणून बघितलं नाही. ते माझंच की." मग म्हणाले, "तो एकोणीस वर्षांचा होता गं."

मी म्हटलं, "मी तेरा वर्षांची होते."

एवढं मी आजवर त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, म्हणजे कुणीतरी नवीन घरात आल्यासारखं. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. ते बादलीत वाकले, एक वेत काढला, वाकवून बघितला आणि म्हणाले, "हा अजून भिजला नाही."

दादा, तुझं वय त्यांनी मोजलं. माझं कुणी मोजलंच नाही. मला वाटतं विसरले असतील. मी आवाज करत नाही ना.

पुढे म्हणाले, "घासून टाक."
"बाईंनी नाही सांगितलंय."
"मग त्यांना न विचारता घास."
"बाबा, पाटीवर तुमची ओळ आहे."
"असू दे. मला वाचायला कोण नेतंय तिथे." आणि मग, "त्याला कळवायचं नाही. आईची शपथ घे."

घेतली.

—

गुरुवार

आज शेवटचं. आज पोस्टात टाकते.

अकरा तारखेला, सोमवारी, मी एक तास लवकर गेले. पंख जमिनीवर आडवा होता, दुसऱ्या दिवशी चढवायचा होता. आधी हातोडीने ती उचललेली कड खाली बसवली. बसेना. चार वर्षं वर राहायची सवय झालेली. मग डांबर खरवडलं, वेल्डिंगची काच डोळ्यांवर घेतली आणि चौथी बाजू वेल्डिंग करून घेतली. मला वेल्डिंग अजून नीट येत नाही, पण एवढं येतं. बारा मिनिटं लागली, दादा. घड्याळ लावून बघितलं. तुझं जे राहिलं होतं ते बारा मिनिटांचं काम होतं. तू तर माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तुला सहा-सात लागली असती.

मग चारी बाजू घासल्या. तुझ्याही आणि माझीही. हाताला लागणार नाही इतक्या सपाट केल्या. मी काम चांगलं करते.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तूही हाच शब्द म्हणाला होतास त्यांना. फरक एवढाच की माझं झालं होतं.

पण घासलेलं लोखंड चकाकतं हे मी विसरले. म्हणजे विसरले नव्हते, त्या वेळी सुचलं नाही. अख्खा पंख गंजाने तांबडा आणि मधे ताटाएवढी जागा आरशासारखी लखलखीत. बाई आल्या, बघितलं, आणि पहिल्यांदा मला बाळा म्हणाल्या नाहीत.
"कुणी केलं हे?"
मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता.
"का?"
मी ग्राइंडरची वायर गुंडाळायला घेतली.
"तुला नको सांगितलं होतं ना? कळतं का तुला काय घालवलंस? एक गोष्ट होती या बोटीवर, खरी, कुणाच्या तरी हाताची, आणि तू..." मग मिस्त्रीकाकांकडे वळल्या. "हिला पंखावर ठेवू नका. अक्षरं कापू दे हिला, खिडकीशी बसवा." मिस्त्रीकाका खाली बघत होते. त्यांच्या बुटाला काहीतरी चिकटलं असावं, असे.

म्हणून अक्षरं माझ्याकडे आली. हात सरळ आहे हे कारण मी परवा लिहिलं ते अर्धंच खरं होतं.

त्या चकाकणाऱ्या जागेचं काय करायचं? बाईंनी उपाय काढला. मीठ आणि व्हिनेगरचं पाणी फवारायचं, वाळू द्यायचं, परत फवारायचं. गंज चढतो. केलं मीच, बाईंना न सांगता, सगळ्यांच्या आधी येऊन. आठ दिवस. पहिल्या दिवशी पिवळट, तिसऱ्या दिवशी नारिंगी, आठव्या दिवशी बाजूच्या गंजात मिसळून गेलं. आता तू येऊन बघितलंस तरी तुलासुद्धा सापडणार नाही. मला सापडतं. पण मी काय, मला तर अंधारातही सापडेल.

काल चार म्हातारे आले होते. पंखावर हात फिरवला त्यांनी, वरून खाली. एक म्हणाला, "चांगली बोट होती." दुसरा म्हणाला, "बोट चांगलीच होती, चालवणारा..." आणि मग त्यांना मी दिसले, तेव्हा बगळ्याच्या चोचीबद्दल बोलायला लागले. चोच जरा आखूड झालीय म्हणे.

तुला आता एक गोष्ट सांगते, ती कुणालाच सांगितलेली नाही. मी शाळा का सोडली. आईला वाटतं, अभ्यास जमेना. माझ्या बाकावर बसायची ती, जिची आई त्या नऊ जणांत होती, ती पंधरा दिवसांनी शाळेत परत आली. मला वाटलं ती मला मारेल. मी तयारीने गेले होते. तिने काही केलं नाही. आपलं दप्तर उचललं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. वर्गाच्या बाईंनीही तिला परत बोलावलं नाही. त्यानंतर वर्षभर त्या बाकावर मी एकटी. मधल्या सुट्टीत डबा खाताना सगळा बाक माझा. कुणी कधी वाईट बोललं नाही, दादा. कुणीही नाही. बोललं असतं तर मी कदाचित उत्तर दिलं असतं.

आणि बोट उलटली त्याच्या आदल्या संध्याकाळी तू घरी आलास ते मला आठवतं. पांढरा शर्ट घातलास, केसांना पाणी लावलंस, कुठल्या तरी मित्राच्या बहिणीच्या लग्नाला निघाला होतास. मी म्हटलं, हाताला डांबर आहे. तू म्हणालास, "निघत नाही गं, उद्या बघू." आणि माझ्या गालाला लावलंस. आपण किती हसलो. मी तो गाल घासून घासून लाल केला होता. सकाळपर्यंत गेलं होतं. सकाळी नऊला बोट सुटली.

महिन्याभरात तू गेलास. बाबांना नेलं त्याच्या चौथ्या दिवशी. आई म्हणाली, धक्का बसला पोराला. मीही तेच धरून चालले होते. तू फोन का करत नाहीस, केलास तर बाबांशी का बोलत नाहीस, बाबा सुटून आले तेव्हा का आला नाहीस, या सगळ्याला माझ्याकडे एक उत्तर होतं, की दादाला लाज वाटते बाबांची. मला राग यायचा तुझा. म्हणायचे, मला नाही वाटत लाज आणि याला वाटते. काय राग होता तो. आत्ता वाटतं, बरा होता.

मी तुला काय कर म्हणून सांगायला लिहीत नाही. तुझ्याकडून चपला येतात तेवढं पुरे, आईच्या बाजूने. बाबा तुझ्याबद्दल कधी वाकडा शब्द काढत नाहीत. नोकरी कशी आहे त्याची, एवढंच आईला विचारतात, तेही ती स्वयंपाकघरात असली की, म्हणजे तोंड दिसत नाही.

फक्त काय आहे ते तुला माहीत असावं. बोट आता बोलणार नाही, ती मी बंद केली. मिस्त्रीकाका बोलणार नाहीत. बाबा तर नाहीच. माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, मी नावाड्याचीच मुलगी. आणि मी बोलणारही नाही, शपथ अर्धी मोडलीय, पुरी मोडवणार नाही. म्हणजे त्या सकाळचं खरं आता जगात एकाच माणसाच्या तोंडात आहे, आणि तो फोनवर "ठेवू मग?" म्हणतो.

पाटीच्या मजकुराला हरकत घ्यायची असेल तर नगरपालिकेला लेखी कळवायचं असतं, दोन ओळी पुरतात, हे मी मिस्त्रीकाकांच्या टेबलावरच्या कागदावर वाचलं. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. हे पत्र तुला सोमवारपर्यंत मिळेल. उत्तर शुक्रवारपर्यंत पोचू शकतं. मी दोनदा विचारून घेतलंय पोस्टात, तेही स्वतः खिडकीशी जाऊन, मोठ्याने. मागचा माणूस म्हणाला, "जरा हळू बोल की."

शुक्रवारी दुपारी चारपर्यंत मी ती ओळ हातात घेणार नाही. आजारी पडेन, ग्राइंडरची चकती तोडेन, काहीतरी करेन. चारनंतर मात्र कापायला बसेन, जोडेपर्यंत रात्र झाली तरी. घाईने नाही. एकेक अक्षर खडूने आखून, काना-मात्रा नीट बघून. कडा घासून घेईन, पोरं अनवाणी पळतात तिथे, कुणाच्या पायाला लागायला नको. त्यातलं एकही अक्षर वाकडं येणार नाही. आणि जोडताना प्रत्येकाच्या चारी बाजू मारीन.

आईला सांभाळून लिहीत जा. तिला यातलं काही माहीत नाही, आणि चपलांचा नंबर पाच आहे, सहा नाही.

"तुझी" लिहायला घेतलं होतं, जमलं नाही.

नावाड्याची मुलगी